मॅडमची लिंक

"मला एक लिंक पाहिजे."

मी दार उघडलं आणि मॅडम हेच बोलल्या. त्या वेळी मी हडपसरला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि घरूनच वेबसाइट डिझाइनची कामं करायचे. समोर साठी उलटलेल्या बाई. पंजाबी ड्रेस, त्यावर पुष्कळ खिशांचं खाकी जाकीट, पायात पुरुष घालतात तसले बूट, खांद्याला जड बॅग. मला वाटलं, मीटिंगची लिंक सापडत नाही म्हणून कोणाची तरी आई मदत मागायला आलीय.

"कसली लिंक, काकू?"

"काकू नाही, मॅडम. आणि कसली ते मला कळत असतं, तर इतके जिने चढून तुझ्याकडे आले असते का?"

पाणी पिऊन झाल्यावर उलगडा झाला. मॅडम लग्नाचे फोटो काढायच्या. तीसेक वर्षं हेच काम. बाई कॅमेरा घेऊन मांडवात फिरते म्हणून लोक नवरा-नवरी सोडून त्यांच्याकडे बघत, तेव्हापासूनचं. आता एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या मुलीच्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो मॅडमनीच काढलेले. म्हणून त्यांनी हक्काने फोन केला. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या पोर्टफोलिओची लिंक पाठवा ना, आम्ही दोघं बघून कळवतो." मॅडम म्हणाल्या, "लिंक कशाला? मीच येते की." मुलगी ओके म्हणाली आणि तिने काम दुसऱ्याला दिलं.

"तिच्या आईबापाला एकमेकांची नावं घेताना लाजताना बघितलंय मी," मॅडम म्हणाल्या. "पण लिंक नव्हती ना माझ्याकडे."

त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि आश्चर्य जास्त होतं. मला त्या तिथेच आवडल्या.

मॅडमचं माहेर हडपसरचं, शेतकऱ्याचं. त्यांच्या भावांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत आणि त्या इमारतींच्या पाट्यांवर इंग्रजीत कुठल्या तरी परदेशी बागेचं नाव आहे. लग्न होऊन त्या नारायण पेठेत आल्या. यजमानांचं फोटो फ्रेम करून देण्याचं छोटं दुकान, वर दोन खोल्या. त्यामुळे मॅडमकडे दोन भाषा होत्या. शांत असल्या की नारायण पेठ बोलायची, भडकल्या की हडपसर. कुठली केव्हा सुरू होईल याचा अंदाज यायला मला महिना लागला.

माझी बोली तिसरीच. मी पुसदची, वऱ्हाडातली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोन करून विचारलं, काम कुठवर आलं? मी म्हटलं, "मॅडम, डिझाइन करून राहिले मी."

"राहिलंच ना शेवटी? राहू देऊ नकोस. कर."

जाकिटाच्या खिशांत काय नसायचं! सेफ्टी पिना, सुईदोरा, टिकल्यांचं पाकीट, गुळाचे खडे, कापूर, डोकेदुखीच्या गोळ्या. लग्नघरात कोणाला काहीही लागलं तरी ते मॅडमकडे मिळायचं, म्हणून निम्म्या वऱ्हाडाला त्या घरच्याच कोणीतरी मावशी वाटत. त्यांना तेच हवं असायचं. फोटो काढताना त्यांनी कोणाला कधी "हसा" म्हटलं नाही. "श्वास सोडा," एवढंच म्हणायच्या. माणूस श्वास सोडायला लागला की त्याचे खांदे खाली येत, चेहरा सैल होई, आणि तेवढ्यात यांचं काम झालेलं असे. "हसा म्हटलं की लोक दात दाखवतात," त्या म्हणायच्या. "दातांचे फोटो डेंटिस्टने काढावेत."

वेबसाइटसाठी फोटो निवडायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा मला त्यांची निवडण्याची पद्धत कळली. मी हार्ड डिस्क मागितली. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यासमोरच्या भिंतीवर, कपाटांच्या दारांवर, अगदी फ्रीजवरही छोटे छोटे प्रिंट चिकटवलेले. मॅडम पोळ्या लाटता लाटता त्यांच्याकडे बघत. ज्याचा कंटाळा आला तो पिठाच्या हाताने उपटून काढत.

"आठवडाभर पोळ्या लाटताना जो बघवतो, तो ठेवायचा. पहिल्या दिवशी सगळेच चांगले दिसतात. जावयासारखं."

काका, म्हणजे त्यांचे यजमान, दारात उभे राहून हे ऐकत होते. अगदी कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "या वेबसाइटला काच लागत नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग माझं काही काम नाही," म्हणून ते खाली दुकानात गेले.

मी तोवर बऱ्याच फोटोग्राफरांच्या साइट केल्या होत्या. काळी पार्श्वभूमी, आपोआप सरकणारे मोठे फोटो, इंग्रजीत चार भारदस्त वाक्यं, खाली चौकशीचा फॉर्म. मॅडमसाठीही मी तशीच करून नेली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिला फोटो बघायला सुरुवात केली, तोवर तो सरकून दुसरा आला.

"हा कुठं गेला?"

"आपोआप सरकतात, मॅडम. दर चार सेकंदांनी."

"त्याला बस पकडायचीय का? माणसाला बघू दे की."

सरकणं बंद झालं. मग 'माझ्याविषयी'चं पान. मी लिहिलं होतं की मॅडम क्षणांना अमर करतात, प्रत्येक प्रेमकथा त्यांच्यासाठी एक कविता आहे, असं काहीतरी. मॅडमनी ते दोनदा वाचलं. "ही बाई मला रस्त्यात भेटली तर मी हिला माझ्या भाचीच्या लग्नाचं काम देणार नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतः सांगायला लागल्या. मी तसंच टाइप केलं. ते पान आजही तसंच आहे: 'मी लग्नाचे फोटो काढते. वेळेवर येते. ड्रोन नाही. नवरा-नवरीला शेतात पळायला लावत नाही. जेवायला बसवलंत तर पंगतीत जेवते, कोपऱ्यात ताट आणून देऊ नये.'

सगळ्यात मोठं भांडण काळ्या-पांढऱ्या फोटोवरून झालं. एका नवरीच्या मावशीचा फोटो होता, खिडकीपाशी उभी असलेली. मी त्यातले रंग काढून टाकले. फार देखणा दिसत होता. मॅडमनी बघितला आणि हडपसर सुरू झालं.

"ह्या बाईची साडी कुठल्या रंगाची हाय?"

"मोरपंखी होती."

"ती साडी घ्यायला तिनं सगळा लक्ष्मी रोड पालथा घातला आसंल. नवऱ्याशी भांडली आसंल. आन् तू एक बटण दाबून घालवलीस व्हय?"

रंग परत आले. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवसानंतर मी कोणाच्याही फोटोतले रंग काढण्याआधी थांबायला लागले. साडीचा विचार येतो.

साइट तयार होत आली तसा एक प्रश्न निघाला. मॅडम मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी सगळे फोटो बघितले, मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान. आता ह्या लोकांना विचारलंस का?"

"कोणाला?"

"ह्यांना. ज्यांचे फोटो आहेत."

"मॅडम, फोटो तुमचे आहेत. सगळे फोटोग्राफर लावतात."

"फोटो माझा आहे. तोंड त्यांचं आहे."

मला वाटलं, त्या गंमत करतायत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकाला फोन करायला सुरुवात केली. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि चिवडा खात बोलायचं. बहुतेकांना आनंदच झाला. एक जण म्हणाला, "लावा मॅडम, पण मी आता बारीक झालोय, ते खाली लिहा." एका बाईने आधी हो म्हटलं आणि मग परत फोन करून कुजबुजली, "तो फोटो नका लावू. अंगावरचा हार शेजारणीकडून आणलेला आहे, सासरचे ओळखतील." मॅडमनी तो काढला. पुढे काही विचारलं नाही. मी वैतागले की म्हणायच्या, "आपलं दुकान चालवायला लोकांच्या घरात वादावादी कशाला?"

आता एका फोटोविषयी सांगते.

तो मला त्यांच्या फ्रीजवर सापडला होता. तेलाचे डाग पडलेला, कडा वळलेल्या. म्हणजे पुष्कळ दिवस टिकलेला. लोणी काळभोरच्या एका कार्यालयात, मागच्या बाजूला, भांडी घासतात तिथे काढलेला. नवरी एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलीय. शालू, हातभर चुडा, कपाळाला मुंडावळ्या. हातात पोह्यांची प्लेट. मोत्यांच्या लडी तोंडासमोर येतायत म्हणून तिला खाता येत नाही, तर शेजारी उकिडवा बसलेला तिचा बाप एका हाताने त्या लडी बाजूला धरून बसलाय. पांढरा सदरा, डोक्याला फेटा. तोंड तिच्या कानाजवळ. तिची नजर प्लेटमध्ये. मागे धुराचा निळा पट्टा.

तो बघून मी नकळत म्हणाले, "किती गोड!" मला माझे बाबा आठवले. मी दहावीला असताना परीक्षेला निघताना ते असंच काहीतरी माझ्या तोंडात कोंबत असत.

"माझा सगळ्यात चांगला फोटो," मॅडम म्हणाल्या. त्या स्वतःविषयी असं कधी बोलत नसत. "एकच काढला. दुसरा काढायची गरजच पडली नाही."

मी अख्खी वेबसाइट त्या फोटोभोवती बांधली. त्यातला धुराचा निळा रंग मथळ्यांना दिला, शालूचा लाल बटणांना. पहिल्या पानावर दुसरं काहीच नाही, हा एकच फोटो आणि खाली मॅडमचं नाव. मी ज्यांना ज्यांना दाखवला ते सगळे गप्प झाले आणि मग "किती गोड" म्हणाले. मला खात्री होती, हा एक फोटो मॅडमना पुन्हा उभं करील. त्या वर्षी त्यांच्याकडे जेमतेम कामं होती. काका दुकान लवकर बंद करायला लागले होते.

फक्त त्या नवरीचा फोन लागत नव्हता. नंबर बंद झालेला. मी म्हटलं, आपण प्रयत्न केला, आता लावून टाकू. मॅडम म्हणाल्या, "घर मला माहीत आहे. उद्या जाऊ."

मॅडमच्या स्कूटरवर मागे बसणं हा एक वेगळाच अनुभव. त्या सोलापूर रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाताना मान वळवून माझ्याशी बोलत असत. लोणीला पोचेपर्यंत मी रामाचं नाव पुष्कळदा घेतलं.

घर रस्त्यापासून आत, पुढे उसाचं रान, अंगणात ट्रॅक्टर. वडील घरीच होते. फोटोतल्यापेक्षा केस पांढरे झालेले. मॅडमना त्यांनी लगेच ओळखलं, चहा सांगितला. मी लॅपटॉप उघडून समोर धरला. त्यांनी फोटो बघितला, जरा लांबून, मग अगदी जवळून.

"लावा की," ते म्हणाले. "मोठा करून लावा. विचारायचं काय त्यात!"

मी लॅपटॉप मिटायला लागले. मॅडम हलल्या नाहीत.

"लेकीला विचारायचंय. ती कुठं असती आता?"

"मी सांगतोय की. माझीच पोरगी हाय."

"व्हय. पण तिला विचारायचंय."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "हडपसरला असती. नोकरीला हाय तिथं."

"आन् जावई?"

"तसं काय ऱ्हायलं न्हाय आता," ते म्हणाले आणि उसाकडे बघायला लागले. नंबर मात्र त्यांनी दिला. पाठ होता त्यांना. देताना म्हणाले, "माझ्याकडनं घेतला म्हणू नका. माझा उचलत न्हाय ती."

मुलगी एका आयटी कंपनीत ॲडमिनला होती. दुपारच्या सुट्टीत भेटते म्हणाली. गेटसमोरच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. जीन्स, कुर्ता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. फोटोतल्या मुलीला मी इतके दिवस बघत होते की ती समोर आल्यावर मला उगीचच तिची जुनी ओळख असल्यासारखं वाटलं. मी उत्साहाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

तिने फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग लॅपटॉप हळूच माझ्याकडे परत वळवला.

"नको, मॅडम. हा नका लावू."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

एवढंच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, पण किती सुंदर आहे तो! तुझा चेहरा ब्लर करू शकते मी. किंवा असा कापते की फक्त हात दिसतील, बाबांचा आणि..."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी थांबले.

मुलगी मात्र चिडली नाही. ती म्हणाली, "मला माहितीय तो सुंदर आहे. तुम्हाला जे दिसतंय ते खरंच झालंय. बाबांनी मुंडावळ्या धरल्या होत्या. पण ते काय बोलत होते, ते फोटोत ऐकू येत नाही ना."

तिने गळ्यातली पट्टी बोटाभोवती गुंडाळली.

"आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, मला हे लग्न नकोय. त्या मुलाबद्दल मला काही कळलं होतं. बाबा म्हणाले, सकाळी बोलू. आणि सकाळी हे." तिने लॅपटॉपकडे बोट केलं. "म्हणत होते, 'मांडवात हजार माणूस बसलंय. आता खा, आन् गुमान उभी ऱ्हा.'"

हॉटेलवाल्याने तीन चहा आणून ठेवले. कोणी हात लावला नाही.

"मी कुठं होते?" मॅडमनी विचारलं. आवाज इतका बारीक की तो त्यांचा वाटेना.

"समोरच होता तुम्ही. तुम्ही म्हणालात, 'वा, असंच राहा.'"

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि जाकिटाच्या खिशात ठेवला. मग परत काढला आणि परत ठेवला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. एरवी कोणी त्यांच्या कामाला एक शब्द बोललं की त्यांचं उत्तर तयार असे. इथे त्या म्हणू शकल्या असत्या, मला काय माहीत, मी लांब होते, बँड वाजत होता. त्यातलं काही त्या बोलल्या नाहीत.

"मला ऐकू यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "काढून टाकते. माझ्याकडचाही टाकू का?"

मुलीने जरा विचार केला. "तुमच्याकडे राहू दे. तुमचा आहे तो. फक्त लोकांनी तो बघून 'किती गोड' म्हणायला नको."

मी मान खाली घातली. सुट्टी संपली म्हणून ती उठली. जाताना तिने मॅडमच्या दंडाला हात लावला आणि रस्ता ओलांडून आत गेली.

मला वाटलं आता घरी. पण मॅडमनी स्कूटर परत लोणीच्या दिशेने वळवली. मी म्हटलं, "त्यांना फोन करा ना."

"विचारायला गेले होते. सांगायलाही जायला पाहिजे."

सबंध रस्ताभर त्या एकदाही मान वळवून बोलल्या नाहीत. मला त्या दिवशी ट्रकची भीती वाटली नाही, त्यांच्या गप्प बसण्याची वाटली.

वडील अंगणातच होते. मॅडम उभ्या उभ्याच बोलल्या. "ती नको म्हणाली. लावणार नाही."

"का वं?"

"का ते तिनं मला सांगितलं. तुमाला म्हाईत हाय."

ते ट्रॅक्टरला टेकले. मग म्हणाले, "मी फोटोत चांगला दिसतोय, न्हाई का?"

"लई चांगले दिसताय," मॅडम म्हणाल्या.

"हां," ते म्हणाले. "तेच."

आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत. नंतर कधीतरी त्या मुलीकडूनच कळलं की ते अधूनमधून हडपसरला येतात, तिच्या खोलीवर बसतात, मेथीची नाहीतर कांद्याच्या पातीची जुडी ठेवून जातात. दोघांत काय बोलणं झालं, झालं की नाही, ते मॅडमनी कधी विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही.

फ्रीजवरचा तो प्रिंट दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. मी साइट पुन्हा पहिल्यापासून केली. निळा रंग गेला, लाल गेला. पहिल्या पानावर मॅडमनी दुसराच फोटो दिला: दोन व्याही एकाच आरशात एकाच वेळी फेटा नीट करतायत आणि एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकाशी आलंय. दोघांनाही विचारलं होतं. दोघांनीही परवानगी देताना दुसऱ्याचं पोट कमी करायचं नाही, अशी अट घातली होती. लोक तो बघून हसतात. गप्प होत नाहीत. मला आधी त्याचं वाईट वाटायचं.

आणि 'माझ्याविषयी'च्या पानात मॅडमनी एक ओळ वाढवायला सांगितली: 'काम घेण्याआधी नवरीला एकटीला भेटते.'

मी म्हटलं, "मॅडम, अहो, लोक घाबरतील. आधीच कामं कमी आहेत."

"घाबरू देत."

आणि घाबरले. एका नवरीच्या आई तर माझ्यासमोरच त्यांच्याकडे आल्या होत्या, साइट बघून, सगळं पसंत करून. शेवटी त्या ओळीपाशी अडल्या. "एकटीला कशाला भेटायचं? आम्ही असतोच की बरोबर."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

त्या बाई गेल्या त्या गेल्याच. पण दुसरे आले. एका मुलीने फोन करून सांगितलं की तिने सगळ्या साइट बघितल्या, त्यात ही एक ओळ वाचून ती थांबली. लोणीच्या मुलीने आपल्या ऑफिसातल्या दोघींना लिंक पाठवली. कामं पूर्वीइतकी झाली नाहीत, पण काका पुन्हा दिवेलागणीपर्यंत दुकानात बसायला लागले. त्या एकट्या भेटींत काय बोलणं होई, मॅडम सांगत नसत. कॅमेरा मात्र नेत नसत. एकदा ठरलेलं लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना मोडलं. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही काही बोललात का?" त्या कणीक मळत होत्या. "मी कशाला बोलू? मी नुसती बसले होते," त्या म्हणाल्या. कोणाजवळ नुसतं बसून असं काय होतं, मला कळलं नाही. पुढे माझ्यावरच वेळ आली तेव्हा कळलं.

माझं लग्न पुसदला झालं. मुलगा माझाच शोधलेला, माझ्याच क्षेत्रातला. दोन्ही घरची संमती, कुठे काही अडचण नाही. फोटोला मॅडमच हव्यात असा मी हट्ट धरला. मला त्या चांगल्याच ओळखत होत्या, म्हणून आधीची एकटी भेट काही झाली नव्हती. एवढ्या लांबून त्या बसने आल्या आणि लग्नाच्या सकाळी थेट माझ्या खोलीत शिरल्या. तिथे आई, दोन माम्या, मेकअपवाली, सगळ्यांची एकच घाई चाललेली.

"जरा सगळ्या बाहेर व्हा," मॅडम म्हणाल्या.

आईला धक्काच बसला. "अहो, पण मुहूर्त जवळ आलाय."

"तो येतोच. आपण जरा बाहेर थांबा."

मॅडमनी आतून कडी लावली. बॅग पायाशी ठेवली, बंदच. माझ्यासमोर पलंगावर बसल्या.

"बोल. हे लग्न तुला करायचंय?"

मला हसूच आलं. "मॅडम, लव्ह मॅरेज आहे माझं!"

"ते मी विचारलं नाही."

"हो, करायचंय," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. मॅडम तरी तशाच बसून राहिल्या, पुढे काही येईल तर येऊ दे अशा. आणि काय झालं कोण जाणे, मला रडू फुटलं. सहा महिने लोक मला प्रश्न विचारत होते. साडी कुठली, हॉल कुठला, जेवणात काय, मेंदी कोपरापर्यंत की मनगटापर्यंत. हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारायची गरजच कोणाला वाटली नव्हती. मलाही नाही.

मॅडमनी "रडू नकोस" म्हटलं नाही. मेकअप खराब होईल, असंही म्हटलं नाही. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, पाठीवर हात ठेवून. बाहेर आई दार वाजवत होती.

"थांबा हो जरा," मॅडमनी बसल्या जागेवरून सांगितलं. "तिचं चाललंय."

भटजींचा आवाज आला, मामीचा आला, कोणीतरी पुन्हा दार ठोठावलं. मॅडम हलल्या नाहीत. मी नाक पुसलं, आरशात बघितलं, डोळ्यांखालचं काजळ नीट केलं आणि म्हटलं, "झालं, मॅडम."

मग त्या उठल्या, त्यांनी कडी काढली आणि आईला म्हणाल्या,

"या आत. मुलगी तयार आहे."